प्रायमरी : मनातला उमेदवार की निवडून येणारा?

एडिसनकर (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या प्रायमरीबद्दल, म्हणजे नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीआधी उमेदवार निवडायच्या मतदानाबद्दल, हा धागा आहे. नोव्हेंबरात खरे पर्याय दोनच उरतात, तेव्हा नको असलेल्याला पाडायला त्यातल्या त्यात बऱ्याला मत देणं मी समजू शकतो. पण प्रायमरी ही पक्षाच्या घरातली निवड. तिथेही "हा पटतो, पण हा येणार नाही, म्हणून मत त्याला" असं चालतं, ते मला पटत नाही. २०२० च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत बहुतेक राज्यांच्या एक्झिट पोलमध्ये निम्म्याहून जास्त मतदारांनी सांगितलं होतं की मुद्द्यांवर पटणाऱ्यापेक्षा ट्रम्प यांना हरवू शकणारा उमेदवार हवा. मग पक्षाला नक्की काय हवंय हे कळायचं कधी?

न्यू जर्सीत जून २०२५ मध्ये गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचे सहा उमेदवार होते. मिकी शेरिल सुमारे ३४ टक्क्यांवर जिंकल्या. इथे दुसरी फेरी नाही, सर्वात जास्त मतं त्याची उमेदवारी. म्हणजे जवळपास दोन तृतीयांश मतदारांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं होतं.

माझं मत : प्रायमरीत मनातल्यालाच मत द्यावं, डावपेच नोव्हेंबरसाठी ठेवावेत. ज्यांना आपापल्या राज्याचे नियम नीट माहीत आहेत त्यांनी राज्याचं नाव घालून लिहावं. कोणत्याही उमेदवाराचा प्रचार कृपया नको.

गणिती

एडिसनकर, "प्रायमरी" असा एकच प्रकार असता तर तुमच्या प्रश्नाला एकच उत्तर देता आलं असतं. हातात मतपत्रिका आल्यावर आधी तीन गोष्टी बघायच्या :

किती जण पुढे जातात? एक, दोन की चार?
टक्केवारीचा उंबरठा आहे का?
दुसरी फेरी किंवा पसंतीक्रम आहे का?

पुढे जाणारे जितके, त्यापेक्षा एक जास्त इतकेच उमेदवार खऱ्या शर्यतीत असतात, हा ढोबळ नियम. न्यू जर्सीत एकच पुढे जातो, म्हणून खरी लढत पहिल्या दोघांत. तुमचा माणूस पाचवा असेल तर तुमच्या मताने पहिला-दुसरा ठरत नाही. कॅलिफोर्नियात दोघं पुढे जातात, म्हणजे लढत दुसऱ्या आणि तिसऱ्यात. तिथे पहिल्या क्रमांकावर पक्का असलेल्याला दिलेलं मतसुद्धा या हिशेबात जादाच.

हे सगळं तेव्हाच उपयोगाचं, जेव्हा कोण कितवा आहे हे खरंच माहीत असतं. प्रायमरीत बहुतेक वेळा ते माहीत नसतं. सहाशे जणांच्या जनमत चाचणीत दुसऱ्याला १८ आणि तिसऱ्याला १५ टक्के दिसले, तर त्या तीन टक्क्यांच्या फरकावर साडेचार टक्क्यांची चूक इकडे किंवा तिकडे संभवते. म्हणजे तिसरा प्रत्यक्षात दुसरा असू शकतो. अशा आकड्यावर मनातला उमेदवार सोडणं ही फसगत आहे.

प्राजक्त

+१. आणि चाचणी कोणी केली तेही बघावं. उमेदवाराच्याच प्रचारयंत्रणेने केलेल्या चाचणीचे आकडे त्यांना सोयीचे असतील तेव्हाच बाहेर येतात.

बे_एरिया

कॅलिफोर्नियाबद्दल लिहिते. २०१० मध्ये प्रपोझिशन १४ (मतदारांनी थेट मत देऊन ठरवायचा प्रस्ताव) मंजूर झालं आणि २०१२ पासून राज्यभर 'टॉप टू' पद्धत आली. अध्यक्षपद सोडून बाकी राज्य आणि काँग्रेसच्या (अमेरिकेच्या संसदेच्या) जागांसाठी सगळ्या पक्षांचे सगळे उमेदवार एकाच यादीत, कोणीही कोणालाही मत द्यावं, पहिले दोघं नोव्हेंबरात. दोघं एकाच पक्षाचे असले तरी चालतात.

पहिल्याच वर्षी ३१ व्या मतदारसंघात याचा फटका बसला. मतदारसंघ डेमोक्रॅटिक झुकावाचा, त्याच वर्षी तिथे ओबामा जिंकले. पण चार डेमोक्रॅट उभे राहिले, त्यांची मतं विभागली आणि गॅरी मिलर व बॉब डटन हे दोन रिपब्लिकन पुढे गेले. नोव्हेंबरात डेमोक्रॅटिक मतदारासमोर स्वतःच्या पक्षाचं नावच नव्हतं. पीट अगिलार थोडक्यात तिसरे राहिले होते. त्या चौघांपैकी मागच्या तिघांच्या मतदारांनी मिळून थोडीशी मतं अगिलारांकडे वळवली असती तर चित्र वेगळं असतं. म्हणून टॉप टू असलेल्या राज्यात "मनातल्यालाच द्या" हा सल्ला मी सरसकट देणार नाही.

उलट टोकाचं उदाहरण २०२४ च्या सिनेटचं. अ‍ॅडम शिफ, केटी पोर्टर, बार्बरा ली हे तीन मोठे डेमोक्रॅट आणि रिपब्लिकनांमधले स्टीव्ह गार्वी. शिफ यांच्या जाहिराती गार्वींवर टीका करत होत्या, "कॅलिफोर्नियासाठी फार कॉन्झर्व्हेटिव्ह" अशी. पण त्या टीकेनेच रिपब्लिकन मतदारांपर्यंत गार्वींचं नाव पोचलं. हिशेब सरळ होता : पुढे पोर्टर आल्या तर नोव्हेंबर अवघड, गार्वी आले तर सोपा. पोर्टर यांनीही एरिक अर्ली या दुसऱ्या रिपब्लिकनाला पुढे करून गार्वींची मतं फोडायचा प्रयत्न केला, तो फसला. शिफ आणि गार्वी दोघंही साडेएकतीस टक्क्यांच्या आसपास, पोर्टर १५ वर अडकल्या.

डावपेच मतदारच लढवतात असं नाही. पुष्कळदा उमेदवारच ते लढवतात आणि मतदाराच्या गळी उतरवतात.

सिअ‍ॅटलकर

वॉशिंग्टन राज्यातही टॉप टू आहे. ऑगस्ट २०२४, कमिशनर ऑफ पब्लिक लँड्स (राज्याच्या सार्वजनिक जमिनी सांभाळणारं) हे पद. पाच डेमोक्रॅट, दोन रिपब्लिकन. पाच डेमोक्रॅटांची मिळून मतं निम्म्याहून बरीच जास्त, तरी दोन्ही रिपब्लिकन पुढे जायची वेळ आली होती. हाताने फेरमोजणी झाली आणि डेव्ह अपथग्रोव्ह अवघ्या ४९ मतांनी दुसऱ्या क्रमांकावर राहिले. अख्ख्या राज्यात ४९. नोव्हेंबरात तेच जिंकले.

अशा खालच्या पदांसाठी बहुतेक वेळी चाचण्याच होत नाहीत. तिथे मतदाराकडे तीनच खुणा असतात : स्थानिक वर्तमानपत्राने आणि संघटनांनी कोणाला पाठिंबा दिला, कोणी किती निधी गोळा केला, आणि मतदार पुस्तिकेत कोणाचं काय छापलंय. पाठिंबे एका नावावर एकवटलेले दिसले तर ती खूण मोठी. विखुरलेले दिसले तर मतंही विखुरणार हे धरून चाला.

कोंढाणा

मतं विखुरण्याचं आपल्या माणसाशी जोडलेलं उदाहरण मिशिगनचं आहे. बेळगावचे श्री ठाणेदार, १३ वा मतदारसंघ, २ ऑगस्ट २०२२. मतदारसंघात डेट्रॉइटचा मोठा भाग. डेमोक्रॅटिक प्रायमरीत नऊ उमेदवार. ठाणेदार यांना सुमारे २८ टक्के, अ‍ॅडम हॉलियर यांना त्याखाली पाचेक टक्के कमी, पोर्शिया रॉबर्सन तिसऱ्या. मतदारसंघ डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला, त्यामुळे प्रायमरी जिंकणं म्हणजे जागा जिंकणंच.

काळ्या समाजातल्या काही नेत्यांनी आधीच ओळखलं होतं की नऊ जण उभे राहिले तर मतं फुटणार. एकाच नावावर सहमती करायचा प्रयत्न झाला, हॉलियर यांचं नाव पुढे आलं. पण बाकीचे मागे हटले नाहीत, पाठिंबे विभागले गेले. ठाणेदार यांनी स्वतःचा पैसा मोठ्या प्रमाणात घालून नाव घरोघरी पोचवलं होतं. परिणाम असा की १९५० च्या दशकानंतर पहिल्यांदाच डेट्रॉइटचा काँग्रेसमध्ये एकही काळा प्रतिनिधी राहिला नाही.

इथल्या मराठी मंडळींना त्या निकालाचा आनंद झाला, आणि तो स्वाभाविक आहे. पण मतदानाचा अभ्यास म्हणून बघितलं तर एकवटण्याची इच्छा असूनही एकवटता न आलेल्या मतदारांचं हे ठळक उदाहरण आहे. डावपेची मतदान एकट्याने करता येत नाही. पुष्कळांनी एकाच वेळी, एकाच नावावर केलं तरच ते फळतं.

एडिसनकर

कोंढाणा, म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचं बोललात. एकवटणं मतदाराच्या हातात नसेल तर त्याने मनातल्यालाच मत द्यावं.

कोंढाणा

नाही. एकवटण्याची खूण स्पष्ट असेल तर ती पाळावी, नसेल तर मनातल्याला द्यावं. २०२० च्या अध्यक्षपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत फेब्रुवारी संपताना काय घडलं ते बघा. २६ तारखेला साउथ कॅरोलिनाचे वजनदार खासदार जेम्स क्लायबर्न यांनी बायडन यांना पाठिंबा दिला. २९ ला साउथ कॅरोलिनात बायडन साधारण निम्मी मतं घेऊन जिंकले. १ मार्चला प्रतिस्पर्धी बुटिजेज बाहेर, २ मार्चला क्लोबशार बाहेर, आणि त्याच रात्री दोघांनी डॅलसमध्ये बायडन यांना पाठिंबा जाहीर केला. ३ मार्चला सुपर ट्यूजडे, म्हणजे एकाच दिवशी चौदा राज्यांत मतदान. चौदापैकी दहा राज्यं बायडन यांना. इतकी मोठी खूण मिळाल्यावर तीन दिवसांत लाखो मतदार एका बाजूला आले.

बे_एरिया

आणि ज्यांनी टपालाने आधीच मत दिलं होतं त्यांचं काय झालं तेही सांगायला हवं. कॅलिफोर्नियात टपाली मतपत्रिका निवडणुकीच्या २९ दिवस आधी निघायला लागतात. २०२० मध्ये ती तारीख ३ फेब्रुवारी होती, म्हणजे आयोवाचा कॉकस (प्रायमरीच्या मालिकेतली पहिली लढत) ज्या दिवशी त्याच दिवशी. ज्यांनी उत्साहाने पहिल्याच आठवड्यात बुटिजेज किंवा क्लोबशार यांना मत टाकलं, त्यांना ३ मार्चला काहीच करता आलं नाही. एकदा पाठवलेली मतपत्रिका बदलून मिळत नाही.

म्हणून अध्यक्षपदाच्या प्रायमरीत मतपत्रिका भरून ठेवा, पण पाठवायची घाई करू नका. शेवटच्या चार-पाच दिवसांत मत टपालाने न पाठवता अधिकृत ड्रॉप बॉक्समध्ये टाका. स्थानिक पदांसाठी इतकं थांबायची गरज नसते, तिथे उमेदवार शेवटच्या आठवड्यात सहसा बाहेर पडत नाहीत.

मिशिगनची_माहेरवाशीण

मिशिगनमध्ये मात्र बदलता येतं. गैरहजर मतदाराची मतपत्रिका पाठवली असली तरी शहराच्या किंवा टाउनशिपच्या क्लार्ककडे सहीनिशी लेखी अर्ज देऊन ती रद्द करवता येते आणि नवी मागता येते. मुदत असते, ती क्लार्कच्या कचेरीत विचारून घ्यावी. मार्च २०२० मध्ये उमेदवार बाहेर पडल्यावर याचा उपयोग झाला.

गणिती

अध्यक्षपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत हिशेब आणखी वेगळा आहे, तो राहिला. तिथे कोण जिंकलं यापेक्षा कोणाला किती डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी) मिळाले हे महत्त्वाचं. २०२० मध्ये ३,९७९ प्लेज्ड (प्रायमरीच्या निकालाशी बांधलेले) डेलिगेट होते, पहिल्या फेरीत बहुमताला १,९९१ हवे होते. वाटप राज्यपातळीवर आणि काँग्रेशनल मतदारसंघात स्वतंत्र, आणि दोन्हीकडे १५ टक्क्यांचा उंबरठा.

एक काल्पनिक मतदारसंघ घ्या, डेलिगेट पाच. क ला ४०, ख ला २५, ग ला १४, घ ला १२, बाकीच्यांना मिळून ९ टक्के. उंबरठ्याच्या वर फक्त क आणि ख. त्यांच्या ६५ टक्क्यांतच वाटणी : क ला ३.०८, ख ला १.९२, म्हणजे तीन आणि दोन. ३५ टक्के मतदारांच्या वाट्याला शून्य.

आता बाकीच्यांतून फक्त एक टक्का ग कडे वळवा. ग १५ वर. वाटणी ८० टक्क्यांत : क २.५, ख १.५६, ग ०.९४. आधी पूर्णांक : क ला दोन, ख ला एक. उरलेले दोन डेलिगेट मोठ्या अपूर्णांकाला, म्हणजे ग ला एक आणि ख ला एक. निकाल दोन, दोन, एक. एका टक्क्याने क चा एक डेलिगेट गेला, आणि ख ला धक्काही लागला नाही.

म्हणून अशा ठिकाणी प्रश्न "माझा उमेदवार जिंकेल का" हा नाही. "माझ्या मतदारसंघात तो १५ गाठेल का" हा आहे. १४-१५ च्या आसपास असेल तर त्याला सोडू नका, तुमचं मत तिथेच सर्वात मोलाचं. ६-७ वर असेल तर उंबरठ्याच्या वर आहेत त्यांच्यातला कोण बरा ते बघा. चारशे जणांच्या चाचणीत १३ टक्के दिसले तर प्रत्यक्षात १० ते १६ काहीही असू शकतं, हे लक्षात ठेवून.

ऑस्टिनकर

डेलिगेटची संख्या सम की विषम हेही बघायला हवं. दोनच उमेदवार उंबरठ्याच्या वर आणि डेलिगेट चार असतील तर ६०-४० मतांतही वाटणी दोन-दोन होते. तीन-एक व्हायला ६२.५ टक्क्यांच्या वर जावं लागतं. पाच असतील तर ५० च्या वर गेलात की तीन-दोन. म्हणून प्रचारयंत्रणा विषम संख्येच्या मतदारसंघांत जास्त माणसं लावतात.

ओहायोकर

रिपब्लिकन बाजूला पुष्कळ राज्यांत "जिंकेल त्याला सगळे", तिथे डाव अगदी उघड खेळला गेला. मार्च २०१६, १५ तारखेला फ्लोरिडा (९९ डेलिगेट) आणि ओहायो (६६). ट्रम्प यांना बहुमताच्या १,२३७ डेलिगेटांपर्यंत पोचू द्यायचं नाही हा रुबिओ, केसिक, क्रूझ या बाकी उमेदवारांचा उद्देश. रुबिओ यांच्या प्रवक्त्याने ओहायोतल्या समर्थकांना चक्क केसिक यांना मत द्यायला सांगितलं. केसिक यांच्याकडून फ्लोरिडात परतफेड झाली नाही. केसिक ओहायो जिंकले, रुबिओ फ्लोरिडा हरले आणि त्याच रात्री बाहेर पडले.

एप्रिलमध्ये क्रूझ आणि केसिक यांनी वाटणी जाहीर केली : इंडियाना क्रूझना, ओरेगन आणि न्यू मेक्सिको केसिकना. पण मतदाराला "तुमच्या आवडत्याला इथे मत देऊ नका" असं थेट सांगायला केसिक स्वतःच कचरले. ३ मे ला ट्रम्प इंडियानात निम्म्याहून जास्त मतांनी जिंकले. नेत्याने अर्धवट मनाने सांगितलेला डाव मतदार पूर्ण मनाने खेळत नाही. २०२० मध्ये उमेदवार स्वतः बाहेर पडले म्हणून ते जमलं.

नर्मदा

एक वेगळा मुद्दा. दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत जाऊन मत देणं. यावर काय म्हणणं आहे सगळ्यांचं? मला ते दोन प्रकारचं वाटतं. एक, "इथे आमचा पक्ष येणारच नाही, मग निदान त्यातल्या त्यात बरा निवडू." दुसरं, "त्यांचा सर्वात कमकुवत उमेदवार निवडून देऊ म्हणजे नोव्हेंबरात आपण जिंकू." पहिलं मला रास्त वाटतं. दुसरं मुळीच नाही. तो कमकुवत उमेदवार निवडून आला तर?

ऑस्टिनकर

पहिल्या प्रकाराचं मोठं उदाहरण मिसिसिपी, २०१४. सिनेटच्या रिपब्लिकन प्रायमरीत पहिल्या फेरीत क्रिस मॅकडॅनियल थोडे पुढे, पण कोणालाच ५० टक्के नाहीत. २४ जूनच्या दुसऱ्या फेरीत थॅड कॉक्रन जिंकले, आणि त्यात काळ्या डेमोक्रॅटिक मतदारांचा वाटा मोठा होता. राज्य रिपब्लिकन, त्यामुळे खरा निर्णय तिथेच होणार होता. अट एकच होती, ३ जूनला डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत दिलेलं नसावं.

टेक्ससमध्येही तसंच. मतदार नोंदणीत पक्ष नसतो. मार्चमध्ये ज्या पक्षाची मतपत्रिका घ्याल, मे मधल्या दुसऱ्या फेरीतही त्याच पक्षाची मिळते. मार्चमध्ये मतच दिलं नसेल तर मे मध्ये कोणतीही घेता येते. आणि दुसरी फेरी आहे म्हणूनच टेक्ससमध्ये मार्चला मनातल्याला मत देणं बरंच निर्धास्त आहे, एडिसनकर. कोणालाच ५० टक्के मिळाले नाहीत की पहिल्या दोघांत पुन्हा लढत. तिथे दुसऱ्या पसंतीला मत देता येतं. फक्त मे मध्ये मतदान फार कमी होतं, आणि जे मार्चला आले ते मे मध्ये येत नाहीत, हीच तिथली गळती.

कोंढाणा

नर्मदा, दुसऱ्या प्रकारात मतदारांपेक्षा पक्षांचाच हात जास्त दिसतो. मिशिगनचा ३ रा मतदारसंघ, २०२२. पीटर मायर हे ट्रम्प यांच्या महाभियोगाला पाठिंबा दिलेले रिपब्लिकन. त्यांच्याविरुद्ध जॉन गिब्स. डेमोक्रॅटिक पक्षाच्या काँग्रेस प्रचार समितीने चार लाख डॉलरहून जास्त खर्चून गिब्स यांचं नाव रिपब्लिकन मतदारांपर्यंत पोचवणारी जाहिरात दाखवली. गिब्स प्रायमरी जिंकले, नोव्हेंबरात हिलरी शोल्टन जिंकल्या. डाव फळला. पण स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत द्यायचं धाडस केलेल्या माणसाला दुसऱ्या पक्षाने पाडायला मदत केली, हे मला आजही खटकतं.

नर्मदा

मलाही. आणि वायोमिंगमध्ये उलट झालं. ऑगस्ट २०२२ मध्ये ट्रम्पविरोधी रिपब्लिकन लिझ चेनी यांना वाचवायला पुष्कळ डेमोक्रॅटांनी पक्ष बदलून रिपब्लिकन मतपत्रिका घेतली, तरी त्या मोठ्या फरकाने हरल्या. तेव्हा मतदान केंद्रावर ऐनवेळी पक्ष बदलता यायचा. २०२३ मध्ये कायदा करून तो दरवाजा बंद केला, आता उमेदवारी अर्ज भरायच्या काळाआधीच पक्ष बदलावा लागतो. म्हणजे कोण उभं राहतंय हे कळायच्या आत.

क्वीन्सकर

न्यूयॉर्क शहरात २०२१ पासून प्रायमरीत पसंतीक्रम आहे, पाच नावांपर्यंत. एडिसनकर, तुम्हाला हवं ते इथे बरंचसं मिळतं. पहिला क्रमांक मनातल्याला, दुसरा-तिसरा त्यातल्या त्यात बऱ्याला, आणि जो मुळीच नको त्याला क्रमांकच द्यायचा नाही.

जून २०२१ मध्ये महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत एरिक अ‍ॅडम्स यांनी कॅथरिन गार्सिया यांना शेवटच्या फेरीत ७,१९७ मतांनी हरवलं. त्याच वेळी सुमारे १ लाख ४० हजार मतपत्रिका शेवटच्या फेरीपर्यंत पोचल्याच नव्हत्या, कारण त्यांवर या दोघांपैकी कोणाचंच नाव नव्हतं. फरकाच्या कितीतरी पट. इथे डावपेच एवढाच लागतो : पाचांपैकी एक तरी जागा शेवटच्या दोघांत पोचण्याची शक्यता असलेल्याला द्या. तुम्हाला तो फारसा आवडत नसला तरी दुसरा त्याहून नकोसा असेल तर.

२०२५ मध्ये उमेदवारांनीच हे शिकून घेतलं. झोहरान ममदानी आणि ब्रॅड लँडर यांनी मतदारांना एकमेकांना दुसरा क्रमांक द्यायला सांगितलं. पहिल्या पसंतीत ममदानी ४३-४४ टक्क्यांवर होते, तिसऱ्या फेरीअखेर ५६ वर गेले. अँड्र्यू कुओमो ४४ च्या आसपास थांबले.

चुका कुठे होतात : एकाच उमेदवाराला पाचही रकान्यांत गोल भरला तर तो एकदाच मोजला जातो, जोर वाढत नाही. दोन उमेदवारांना एकच क्रमांक दिला तर त्या क्रमांकापासून पुढचं सगळं बाद. मधला क्रमांक मोकळा राहिला तर पुढचा वर सरकतो, तिथे नुकसान नाही. आणि "दुसरा क्रमांक दिला तर पहिल्याचं नुकसान होईल" ही भीती चुकीची आहे. पहिला बाद झाल्याशिवाय दुसऱ्याकडे कोणी बघतच नाही.

निळी_शाई

हे वाचताना विधान परिषदेची पदवीधर मतदारसंघाची निवडणूक आठवली. तिथेही पसंतीक्रम, तिथे १ हा आकडा नसेल तर मत बाद, आणि आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केच पेननेच लिहायचं. राज्यसभेच्या १० जून २०२२ च्या निवडणुकीत संजय पवार यांना पहिल्या पसंतीची ३३ आणि धनंजय महाडिक यांना २७ मतं होती, तरी दुसऱ्या पसंतीवर महाडिक आले. न्यूयॉर्कची पद्धत तीच का?

गणिती

निळी_शाई, पदवीधरशी साम्य बरंच आहे, राज्यसभेशी कमी. राज्यसभेला एकाच वेळी सहा जागा होत्या. पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना कोट्यापेक्षा (निवडून यायला लागणाऱ्या मतांपेक्षा) जास्त, प्रत्येकी ४८ मतं होती. कोटा साधारण ४०.६. प्रत्येकाची वरची सात-साडेसात मतं दुसऱ्या पसंतीच्या महाडिकांकडे गेली. म्हणजे जिंकलेल्याचं जादा मत पुढे सरकलं. न्यूयॉर्कला आणि पदवीधरला जागा एकच, तिथे जादा मत असं काही नसतं, फक्त बाद झालेल्याची मतं सरकतात.

एक सावधगिरी क्वीन्सकरांच्या प्रतिसादाला जोडतो. दुसऱ्या क्रमांकाने पहिल्याचं नुकसान होत नाही हे शंभर टक्के खरं. पण पहिला क्रमांक प्रामाणिकपणे देणं नेहमीच फायद्याचं, असं नाही. अलास्का, ऑगस्ट २०२२, काँग्रेसची पोटनिवडणूक. डेमोक्रॅट मेरी पेल्टोला, आणि सारा पेलिन व निक बेगिच हे दोन रिपब्लिकन. बेगिच तिसरे म्हणून आधी बाद झाले, शेवटी पेल्टोला जिंकल्या. मतपत्रिका तपासल्यावर दिसलं की समोरासमोर लढत झाली असती तर बेगिच दोघींनाही हरवू शकले असते. पेलिन यांच्या काही हजार समर्थकांनी बेगिच यांना पहिला क्रमांक दिला असता तर त्यांना नको असलेल्या पेल्टोला आल्या नसत्या. दोन वर्षांनी रिपब्लिकनांनी धडा घेतला. २०२४ च्या प्रायमरीतून चौघं पुढे जाणार असताना तिसऱ्या आलेल्या नॅन्सी डालस्ट्रम यांनी माघार घेतली आणि नोव्हेंबरात बेगिच जिंकले.

प्राजक्त

नियमांत अडकणाऱ्या नवनागरिकांसाठी दोन गोष्टी. कॅलिफोर्नियात "अपक्ष" व्हायचं म्हणून नोंदणी अर्जावर "अमेरिकन इंडिपेंडंट" निवडू नका, तो स्वतंत्र पक्ष आहे. कोणताच पक्ष नको असेल तर "नो पार्टी प्रेफरन्स". आणि तसं असेल तर अध्यक्षपदाच्या प्रायमरीची मतपत्रिका आपोआप येत नाही, पक्षाचं नाव घालून मागावी लागते. पक्ष देतो की नाही हे पक्ष ठरवतो. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने दिली, रिपब्लिकन पक्षाने नाही. घरी आलेल्या मतपत्रिकेवर अध्यक्षपदाची स्पर्धाच नसेल तर ती कोरीच मतदान केंद्रावर न्या, बदलून मिळते.

ग्रीन कार्डवर मत देता येत नाही, हे पुन्हा सांगते. चुकून नोंदणी झाली तरी नागरिकत्वाचा अर्ज अडू शकतो.

क्वीन्सकर

न्यूयॉर्कमध्ये पक्ष बदलायची मुदत १४ फेब्रुवारी. जूनच्या प्रायमरीला चार महिने आधी. २०१६ मध्ये तर एप्रिलच्या प्रायमरीसाठी आदल्या वर्षीचा ९ ऑक्टोबर होता, ट्रम्प यांच्या दोन मुलांचंसुद्धा मत त्यामुळे हुकलं. नवीन नोंदणी मात्र दहा दिवस आधीपर्यंत चालते.

एडिसनकर

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. माझं मत अर्धं बदललं. पसंतीक्रम किंवा दुसरी फेरी असेल तिथे मनातल्याला, यात वाद नाही. १५ टक्क्यांच्या उंबरठ्यावर असलेल्याला सोडायचं नाही, हे मला नवीन होतं. टॉप टूमध्ये आपल्या बाजूचे सगळे बाहेर पडायचा धोका असेल तर एकवटावं, हेही मान्य. पण न्यू जर्सीसारख्या ठिकाणी, सहा उमेदवार, चाचण्यांत दुसरा-तिसरा-चौथा एकमेकांच्या चुकीच्या अंतरात, तिथे मी अजून म्हणेन की मनातल्याला द्या. तुम्ही कोणाला "न येणारा" ठरवता ते दुसऱ्यांच्या अंदाजावर, आणि दुसरे तुमच्या अंदाजावर.

गणिती

न्यू जर्सीच्या त्या स्थितीत सहमत. पहिला स्पष्ट पुढे, तो तुम्हाला मुळीच नको, आणि दुसरा स्पष्ट एकटा, हे तिन्ही असेल तरच हलावं.

वसईकर

मधेच विचारतो. न्यू जर्सीत कोणत्याच पक्षात नोंद नाही. प्रायमरीला मत देता येईल का?

एडिसनकर

हो. नोंद कोणत्याच पक्षात नसेल तर प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर पक्ष सांगायचा, मतपत्रिका मिळते. त्यानंतर तुम्ही त्या पक्षाचे सदस्य म्हणून नोंदले जाता, नको असेल तर नंतर अर्ज करून बाहेर पडावं लागतं. एका पक्षात असाल आणि दुसऱ्याची मतपत्रिका हवी असेल तर मात्र ५५ दिवस आधी बदल करावा लागतो.

मिशिगनची_माहेरवाशीण

आणि मिशिगनला ऑगस्टच्या प्रायमरीत कोणाला काही सांगावंच लागत नाही, एकाच मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने असतात. पण दोन्ही रकान्यांत एकेक खूण केली तर पक्षीय भाग सगळा बाद. केंद्रावर यंत्र ती मतपत्रिका परत बाहेर काढतं, नवी मागून घ्यावी. टपालाने पाठवलेल्यात ही संधी नाही, म्हणून पाकीट चिकटवण्याआधी रकाना एकदा बोट फिरवून तपासा, आणि मागच्या बाजूला पक्षविरहित पदं असतात तीही भरा, ती दोन्ही पक्षांच्या मतदारांसाठी आहेत.